जाळी कुणी काढली

त्या गाळ्यात मी दोन वर्षं आणि काही महिने टायपिस्ट होते. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, मरोळच्या बाजूला, एका लांबलचक इमारतीच्या तळमजल्यावर तो होता. आम्ही ट्रंकांच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवायचो. आम्ही म्हणजे दोन पॉवर प्रेस, तीन हातप्रेस, एक ड्रिल, चौदा माणसं, मालक आणि मी. हजेरीपटावर मात्र नऊच माणसं असत. दहावं नाव कागदावर आलं की कारखान्यांचा कायदा लागू होतो, हे मला मालकांनीच पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं. तेही कौतुकाने, कारण मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते.

मालक पन्नाशीचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मला ‘बाळ’ म्हणायचे. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर आठवणीने चौकशी करायचे. त्या मऊ आवाजाचीच मला पुढे भीती बसली. अजूनही कुणी फार हळू आणि गोड बोलायला लागलं की मी सावध होते.

माझी खुर्ची काचेच्या पार्टिशनच्या आड होती आणि समोरच मोठा प्रेस. त्यावर काम करणारे गृहस्थ मालवणकडचे, चाळिशी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. आधी ते परळच्या एका गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणीने परत बोलावलं नाही. दोन वर्षं मिळेल ते केलं आणि मग इथे आले. उंच, थोडे वाकलेले, कामाला बसण्याआधी मशीनला हात लावून कपाळाला लावायचे.

तो प्रेस कसा चालायचा ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पत्र्याची पट्टी साच्यात सरकवायची, पायाने पायडल दाबायचं, वरचा लोखंडी ठोकळा एकदा खाली येतो, बिजागरीचा आकार कापतो आणि वर जाऊन थांबतो. मग हाताने तुकडा काढायचा. एकदा पाय, एक ठोका. हात आत जाऊ नये म्हणून साच्यापुढे लोखंडी जाळी बसवलेली होती. तिच्या खालच्या फटीतून पट्टी आत जायची आणि तुकडा चिमट्याने ओढून घ्यावा लागायचा.

मी नोकरीला लागले त्यानंतर वर्षभराने त्या मशीनला एक खोड लागली. पाय एकदाच दाबला तरी कधीकधी ठोकळा वर जाऊन थांबायचा नाही, तसाच पुन्हा खाली यायचा. गाळ्यात सगळे त्याला ‘दुसरा ठोका’ म्हणायचे. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. कधी पंधरा दिवस काहीच नाही. फिटर मालकांना म्हणाला होता, “क्लचची चावी झिजलीय. मशीन दोन दिवस बंद ठेवून खोलावं लागेल.” मालक म्हणाले, “बघू, सीझन संपू दे.” जाळी होती, त्यामुळे कुणी फार बोललं नाही. पण काचेच्या आड टाइप करताना माझे कान त्या ठोक्यांकडे लागून राहायचे. एक, थांबा. एक, थांबा. आणि मग एखाद्या दुपारी एक-दोन. त्या क्षणी गाळ्यातले सगळे मान वर करायचे. काका जाळीपलीकडे बघत स्वस्थ बसलेले असायचे. मग सगळे पुन्हा खाली बघायचे.

सकाळी सात ते नऊ माझं कॉलेज असे. घाटकोपरहून, टेकडीवरच्या आमच्या खोलीतून, साडेपाचला निघायचं, वर्ग करायचा आणि तिथून बसने मरोळला. पहिल्या वर्षी आम्हाला करार आणि अपकृत्यं, म्हणजे एकाने दुसऱ्याला पोचवलेली इजा, शिकवणारे सर उपनगरातल्याच कोर्टात वकिली करायचे. त्यांचा कोट खांद्यावर फाटलेला होता आणि आवाज कोरडा. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “एक माणूस दुसऱ्याला कायद्याने बांधला जातो तो कशाने?” सगळे म्हणाले, करारानं. ते म्हणाले, “ते एक झालं. मी तुझा पाय मोडला तर? आपला काही करार झाला होता का, की मी तुझा पाय मोडणार नाही?” कुणी हसलं. “आणि शेजाऱ्याची दुधाची बाटली चुकून माझ्या दारात राहिली आणि मी तिचा चहा करून प्यायलो, तर? मी तर काहीच कबूल केलं नव्हतं. तरी मी बांधलेला आहे.” मला ते फार आवडलं. मी वहीत लिहून घेतलं: वचन, इजा, आणि जे आपलं नाही ते जवळ राहणं. रात्री वडिलांना वाचून दाखवलं. वडील एका शाळेत शिपाई होते. ते म्हणाले, “एवढं तर आम्हाला न शिकताच माहीत आहे.”

मग लग्नसराईची मोठी ऑर्डर आली. जाळी असली की चिमट्याने काम करावं लागतं, त्यात वेळ जातो. एका सोमवारी मालकांनी फिटरला बोलावलं आणि माझ्यासमोर, अगदी चहा मागावा तसं सांगितलं, “मोठ्याची जाळी काढून ठेव. महिनाभराचा प्रश्न आहे.”

फिटर म्हणाला, “शेठ, तो दुसरा ठोका देतो.”

“काका जुना माणूस आहे. सांभाळून करील.”

फिटरने चार बोल्ट काढले आणि जाळी आणून माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवली. दुसरी जागा नव्हती. दिवसभर तिचा ग्रीसचा वास माझ्या पाठीशी येत राहिला.

त्याच आठवड्यात मालकांनी मला एक मसुदा दिला. त्यांच्या ओळखीच्या कुणा सल्लागाराने इंग्रजीत लिहून दिला होता. मी अमुक अमुक, मशीनवर स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो, काही इजा झाल्यास मालकाकडे कोणताही हक्क मागणार नाही. “चौदा प्रती कर, बाळ. सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकू.”

मी चौदा प्रती केल्या. केल्यावर तो मजकूर डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांना गाठलं. नाव-गाव न सांगता विचारलं की कामगाराने असा हक्क सोडून दिला तर चालतो का.

“नाही चालत,” सर म्हणाले. “कामगाराची नुकसानभरपाई अशी लिहून घेऊन टाळता येत नाही. तो कागद रद्दी.”

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथून निघालेच. सरांनी मागून विचारलं, “मशीन ठीक आहे ना?”

मी थांबले. “अधूनमधून डबल येतं, सर.”

“मग तू मला कागदाबद्दल काय विचारतेस?”

बस पकडायची होती. मी “हो सर” म्हणून निघाले. त्या ‘हो सर’ला काही अर्थ नव्हता. पण बसमध्ये मी त्यांचा दुसरा प्रश्न मनातून काढून टाकला आणि पहिलं उत्तर घट्ट धरून बसले. कागद रद्दी आहे. म्हणजे मी काही वाईट केलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सह्या झाल्या. बाकीच्यांनी मुकाट्याने केल्या. काकांनी कागद हातात धरून उलटसुलट पाहिला. ते सातवी शिकलेले होते, मराठी पेपर रोज वाचायचे, पण हा कागद इंग्रजी. मालक गाळ्याबाहेर टेम्पोवाल्याशी बोलत उभे होते.

“काय लिवलाहा ह्याच्यात?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, खरं तेच सांगितलं. आणि मग पुढे म्हणाले, “काका, पण ह्याला काही अर्थ नाही हां. कायदा मानतच नाही असला कागद. आमचे सर स्वतः म्हणाले. करून टाका सही, काही होत नाही.”

त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. “तुमी शिकलेली माणसां. तुमी सांगतास तर करतंय.”

त्यांनी सही केली. सावकाश, जोडाक्षरं नीट काढून. मालकांनी काकांसाठी एक जादा कोरा कागदही ठेवला होता, ‘वरचा चुकला तर फेअर करायला’. काकांनी त्याच्याही तळाशी सही केली. मी ते पाहिलं. मला ते विचित्र वाटलं. मी काही बोलले नाही.

पुढचे अठरा-वीस दिवस मला वाईट गेले. काकांचा उजवा हात साच्यात जायचा आणि यायचा, जायचा आणि यायचा, आणि दर ठोक्याला माझी बोटं थांबायची. टाइपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. मालक चूक दाखवून हसायचे, “अभ्यास जास्त होतोय का, बाळ?” एकदा दुपारी दुसरा ठोका आला तेव्हा काकांचा हात नुकताच बाहेर निघालेला होता. ते उठले, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसले. मी बाहेर जाऊन म्हणाले, “काका, जाळी बसवून घ्या ना. ती बघा, तिथेच आहे.”

“मी सांगलंय शेठना. दोनदा.” ते पायडलकडे बघत म्हणाले. “म्हणाले, नसेल जमत तर दुसरो माणूस बघतंय.”

त्या दिवशी मी मालकांकडे जायला हवं होतं. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले, आत ते फोनवर हसत होते. मी परत आले. असं मी तीन वेळा केलं असेल.

झालं ते सकाळी साडेअकराच्या सुमाराला. चहा नुकताच होऊन गेला होता. मी चलन टाइप करत होते. एक ठोका, आणि लगेच दुसरा, आणि त्या दुसऱ्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ओला होता. मग काही क्षण कुणीच ओरडलं नाही, काकाही नाही. ते आपल्या हाताकडे बघत होते, एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसे. फिटरने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं. तीन बोटं गेली होती, उजव्या हाताची, मधली तिन्ही.

मालकांनी स्वतःच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात नेलं. जाताना स्वतःचा रुमाल गुंडाळला, “घाबरू नकोस, मी आहे” म्हणाले. दोनच्या सुमाराला ते परत आले. बुशशर्टाला डाग होते. पहिलं वाक्य फिटरला होतं, “जाळी बसवून घे.”

फिटर माझ्या टेबलामागे आला आणि जाळी उचलली. आमची नजरानजर झाली. त्याने ती चार बोल्टांनी घट्ट बसवली, फडक्याने पुसली. संध्याकाळपर्यंत मशीन असं दिसत होतं जणू तिथे काही होऊच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही, थेट गाळ्यात गेले. मालकांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः दार लावून घेतलं. टेबलावर ऑफिसातला मराठी टाइपरायटर आणून ठेवला होता आणि शेजारी तो कोरा कागद, तळाला काकांची सही.

“हे मशिनला लाव. मी सांगतो ते टाइप कर. तारीख पंधरा दिवस आधीची घाल.”

मी कागद रोलरवर चढवला. ते हळूहळू सांगू लागले. मी, सुरक्षेच्या जाळीविषयी मला वेळोवेळी ताकीद दिलेली असतानाही, जास्त माल काढण्यासाठी ती स्वतः, स्वतःच्या इच्छेने काढली आहे.

मी ‘मी’ एवढंच टाइप केलं आणि थांबले. पहिला कागद रद्दी होता, पण हा नव्हता, हे मला कळत होतं. कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं असेल तर इजेची भरपाई मिळत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. मालकांना हे कुणीतरी नीट समजावलं होतं.

“जाळी फिटरने काढली,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“असं कोण म्हणतं?”

“मी तिथेच होते.”

मालक खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत. “बाळ, पहिला कागद कुणी टाइप केला? तू. काकाला सही कर म्हणून कुणी सांगितलं? माणसं ऐकत होती. उद्या चौकशी झाली तर पहिलं बोट कुणाकडे जाईल, विचार कर. तुला वकील व्हायचंय ना? मी तुझ्या भल्याचं सांगतोय.” ते उठले. “मी पाच मिनिटांत येतो. तोवर करून ठेव.”

दार पुन्हा लागलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर भीती जास्त वाटली. मी कागद रोलरमधून काढला, चार घड्या घातल्या, डब्याच्या पिशवीत डब्याखाली सरकवला आणि चालत गाळ्याबाहेर पडले. फिटरने पाहिलं. त्याने पाठ फिरवली. पळू नये, हे कसं सुचलं माहीत नाही. बसस्टॉपवरून थेट हॉस्पिटलची बस धरली.

हॉस्पिटलात काका झोपेच्या औषधाने गुंगीत होते. बायको शेजारी स्टुलावर बसलेली. सडपातळ, करारी बाई. गाळ्यातले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही. कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. जाळीचं, टाइप केलेल्या चौदा प्रतींचं, आणि मी काय म्हणाले होते तेही.

त्यांनी कागद पदराला पुसला, जणू ओला होता. मग म्हणाल्या, “घरी येऊन म्हणाले होते हे. शिकलेली पोर आहे, ती म्हणाली काही होत नाही. मी म्हटलं, मग ठीक आहे.” त्यांनी कागद काकांच्या उशीखाली सरकवला. “तुमच्यावर भरवसा ठेवला आम्ही.”

सरांनी शिकवलेल्या तीन गोष्टींत ही कुठे बसते, ते मला तेव्हा कळेना. मी करार केला नव्हता, मशीन चालवलं नव्हतं, त्यांचं काही घेतलं नव्हतं. एक वाक्य बोलले होते, आणि एक माणूस त्या वाक्यावर उभा राहिला होता.

रविवारी सकाळी मालक आमच्या घरी आले. घाटकोपरच्या टेकडीच्या त्या पायऱ्या चढून, धापा टाकत, हातात मिठाईचा पुडा. आईने चहा केला. त्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आमच्या खोलीला किती छान वारा येतो म्हणाले. मग वडिलांना म्हणाले, “मुलगी गुणाची आहे. पण ऑफिसातला एक कागद चुकून घेऊन आली. अशा गोष्टी पोलिसांत गेल्या की मुलीच्या जातीला फार त्रास होतो हो. मला ते नकोय.”

वडील माझ्याकडे वळले. “काय होता तो कागद?”

“कोरा होता. खाली काकांची सही.”

“आणि वर?”

“काही नाही. मी ‘मी’ एवढंच टाइप केलं होतं.”

वडील उठले, माझी कॉलेजची वही घेतली, मधलं एक पान नीट फाडलं आणि मालकांपुढे धरलं. “तुमचा कोरा कागद गेलाय ना? हा घ्या. सही ज्याची होती, त्याच्याकडे ती गेलीय.”

मालक हसले. चहा संपवला. निघताना दारात थांबून मला म्हणाले, “परीक्षा कधी आहे, बाळ?” आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरले. त्यानंतर दोन-तीन महिने आई मला एकटीला बसस्टॉपवर जाऊ देत नव्हती. कुणी आलं नाही. पण रोज कुणीतरी येईल असं वाटायचं.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला एका शब्दाने सुनावलं नाही, काकांचा भरपाईचा अर्ज कामगार भरपाई आयुक्तांपुढे फी न घेता चालवायला घेतला. फिटरने साक्ष दिली नाही. त्याला दोन मुली होत्या आणि तो त्याच गाळ्यात होता. म्हणून साक्षीदार मी एकटी. समोरच्या वकिलाने मला विचारलं, “अर्जदाराने पहिल्या कागदावर सही केली, ती तुमच्या सांगण्यावरून, खरं की खोटं?”

“खरं.”

“म्हणजे तुम्ही त्याची फसवणूक केलीत?”

सर हरकत घ्यायला उठले. मी त्याआधीच म्हणाले, “मला सगळं माहीत असल्यासारखं मी बोलले. मशीन खराब आहे हे मला माहीत होतं, आणि गाळ्यात ते मी फक्त काकांनाच बोलून दाखवलं, ज्यांना ते आधीच माहीत होतं.” आयुक्तांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं.

निकाल लागायला जवळजवळ दोन वर्षं गेली. काकांच्या बाजूने लागला. हक्क सोडल्याचा कागद ग्राह्य नाही, आणि जाळी मालकाच्या सांगण्यावरून काढली गेली, असं त्यात स्पष्ट होतं. मालकांनी तोवर तो गाळा बंद करून दुसऱ्या नावाने दुसरीकडे उघडला होता. भरपाई वसूल करायला सरांना आणखी खेटे घालावे लागले, पण ती मिळाली. दोन्ही प्रेस एका भंगारवाल्याने नेले आणि पुढे कुणाला तरी विकले, असं फिटरकडून कळलं. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते ऐकून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते.

काका मला कधी वाईट बोलले नाहीत. एकदाच, तारखेला आयुक्तांच्या दालनाबाहेर बाकावर बसलेले असताना, मी माफी मागितली. ते म्हणाले, “तुमी काय मशीन चालवल्यात?” आणि दुसरीकडे बघायला लागले. ती क्षमा होती की नाही, मी ठरवू शकले नाही. डाव्या हाताने लिहायला शिकले ते. पुढे बोरिवलीला एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले.

काही वर्षांनी, माझी वकिलीची सनद आल्यावर, बोरिवलीच्या बाजारात वहिनी भेटल्या. हातात मासळीची पिशवी होती. मला पाहून थांबल्या, घरी चला म्हणाल्या नाहीत. त्यांची मुलगी कुठल्याशा कंपनीत लागणार होती, त्या कंपनीने तिला कसल्या तरी बॉन्डचा कागद दिला होता सही करायला.

“तुम्हाला दाखवावं म्हणत होते,” त्या म्हणाल्या. मग, “नको. तिच्या बाबांनी वाचलाय. दोन दिवस बसून वाचला, डिक्शनरी घेऊन.”

मी म्हटलं, काही अडलं तर सांगा. त्या ‘हो’ म्हणाल्या, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीत शिरल्या.